दोन नंबरच्या नळीची खाच

मुलांनो, एक विहीर डोळ्यांपुढे आणा. पण तिला काठ नाही, रहाट नाही, पायऱ्या नाहीत. आत डोकावून हाक मारावी, तर तेवढीही जागा नाही. तिचं तोंड एवढंच, की तुमची मूठ आत जाईल. जमिनीतून वीतभर वर आलेली लोखंडी नळी आणि तिच्यावर आट्यांचं झाकण, की झाली विहीर. खाली मात्र ती चांगली पंचवीस मीटर खोल गेलेली. आणखी गंमत अशी, की खोदल्यापासून तिच्यातून कुणी पेलाभरसुद्धा पाणी काढलेलं नाही. काढायचंच नाही. तिच्यात पाणी कुठवर आहे, एवढंच पाहायचं आणि झाकण लावून घरी यायचं.

मग असली विहीर हवी कशाला, असं तुम्ही विचारणार. कांचननंही हेच विचारलं होतं.

कांचन तेव्हा अकरा वर्षांची होती. साल एकोणऐंशी. भोपाळला, बरखेड्याच्या वसाहतीत, एकसारख्या पिवळ्या क्वार्टरांच्या ओळीत तिचं घर. वडील मोठ्या सरकारी कारखान्यात नकाशे काढायचे. कारखान्याचा भोंगा झाला की वसाहत उठायची, भोंगा झाला की जेवायची आणि चारचा भोंगा झाला की सायकलींची रांग घराकडे वळायची. चार दारं सोडून नीळकंठ आजोबा राहायचे. ते काही कांचनचे सख्खे आजोबा नव्हेत, वसाहतीतल्या सगळ्याच मुलांचे आजोबा. फार पूर्वी नागपूरची सरकारी कचेरी भोपाळला हलली तेव्हा ते तिच्याबरोबर आले आणि जन्मभर पाण्याच्या खात्यात विहिरी मोजत फिरले. आता मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत होते आणि बागेच्या समितीनं वसाहतीतल्या तीन नळ्या त्यांच्या हवाली केल्या होत्या. एक शाळेच्या कुंपणाशी, एक बागेत, एक दवाखान्यामागे.

"हवी कशाला ते दाखवतो," आजोबा म्हणाले होते. त्यांनी लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, तिच्यात वाळू भरली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी वाळूत गडप झालं. मग अंगणातल्या पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडला आणि तो वाळूत उभा खुपसला. जरा वेळानं खराट्याची एक काडी त्या देठात तळापर्यंत घालून बाहेर काढली. काडी खालून चार बोटं ओली होती.

"आता बरणीकडे बघ. वाळू कुठपर्यंत ओली दिसते?"

"चार बोटं," कांचन म्हणाली.

"बरणी काचेची म्हणून दिसलं. जमीन काचेची नाही, म्हणून हा देठ. ज्या विहिरीचं पाणी आपण उपसतो ना, तिला विचारून उपयोग नसतो. ती जेवता जेवता बोलणाऱ्या माणसासारखी, काय म्हणते ते धड कळत नाही. ही नळी गप्प बसून असते. तिला विचारावं."

तेव्हापासून कांचन दर रविवारी आजोबांबरोबर जायची. मोजायची रीत मोठी मजेची होती. स्टीलच्या टेपच्या खालच्या मीटरभर-दीड मीटरला निळा खडू घासायचा आणि ती नळीत सोडायची. वर बरोबर दहा मीटरचा आकडा नळीच्या कडेवरच्या खाचेशी धरायचा आणि टेप ओढून घ्यायची. पाण्यात बुडलेला खडू काळपट होतो. तो जिथवर काळा, तेवढं दहातून वजा केलं की पाणी किती खोल आहे ते कळलं. खाच आजोबांनी स्वतः कानशीनं घासून केली होती. "दर वेळी इथूनच धरायचं," ते बजावत. "आज इथून, उद्या तिथून असं चालायचं नाही."

मार्चमध्ये आजोबा न्हाणीघरात घसरले आणि त्यांचा घोटा मोडला. पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर बसलं. त्यांनी कांचनला बोलावलं आणि टेप, खडू आणि लाल पुठ्ठ्याची वही तिच्या ओटीत टाकली.

"मला जमेल?" कांचननं विचारलं.

"मोजणं जमतंच. आकडा आवडला नाही तर काय करायचं, तेवढं लक्षात ठेव. पुन्हा मोजायचं. पुन्हा तोच आला, तर तो आवडून घ्यायचा."

आता या मोजणीवर काय अवलंबून होतं, तेही सांगून ठेवतो. बागेच्या टोकाला एक खरी, मोठी, पंप बसवलेली विहीर होती. दोन नंबरची नळी तिच्यापासून जवळच. घरात नळाचं पाणी यायचं, पण एखाद्या दिवशी नळ रुसला तर अख्ख्या वसाहतीला या विहिरीचाच आधार. म्हणून समितीनं ठराव करून ठेवला होता: उन्हाळ्यात दोन नंबरच्या नळीतलं पाणी नऊ मीटरच्या खाली गेलं, की बागेचा पंप पावसाळ्यापर्यंत बंद. ठराव शहाणपणाचा होता. पण विहिरीपलीकडे, बागेच्या मागच्या पट्टीत, कांचन आणि तिच्या मैत्रिणींनी गेल्या पावसाळ्यात सतरा झाडं लावली होती. पेरूची. कांचनची आई त्यांना पेरू म्हणायची, नागपूरकडची मंडळी जांब म्हणायची आणि शेजारची सरोज अमरूद. नाव काहीही घेतलं तरी झाडं कमरेइतकी झाली होती आणि त्यांना पाणी मिळत होतं ते त्याच पंपाचं. पंप बंद पडला तर भोपाळच्या मे महिन्यात ती आठवडाभरही तगली नसती.

एप्रिलचा पहिला आठवडा परीक्षेचा होता. कांचन सहा दिवस शाळा आणि घर यांपलीकडे कुठे गेली नाही. रविवारी सकाळी ती आणि सरोज टेप घेऊन निघाल्या. एक नंबरची नळी सहा सेंटिमीटर उतरली होती. तीन नंबरची सात. उन्हाळ्यात तेवढं उतरायचंच. मग दोघी बागेत आल्या. हिरवळीच्या मधोमध एक खळगी होती, पावसाळ्यात तिथे म्हशी बसतील एवढा चिखल व्हायचा. त्या खळगीत आता नवी काळी माती टाकून ती सारखी केलेली दिसली. दोन नंबरची नळी तिथेच. कांचन नेहमीसारखी उकिडवी बसली, गुडघ्यांमध्ये नळी धरली, झाकण फिरवून काढलं. बोटांनी खाच चाचपली, ती सापडली नाही. गंजानं भरली असेल, असं म्हणून तिनं टेप कडेशी धरली आणि वर ओढली.

टेप ब्याण्णव सेंटिमीटर काळी होती.

गेल्या रविवारी पाणी आठ मीटर बहात्तरवर होतं. दहातून ब्याण्णव सेंटिमीटर गेले, म्हणजे आज नऊ मीटर आठ. कांचननं टेप फडक्यानं पुसली, खडू घासला, पुन्हा सोडली. नऊ आठ. तिसऱ्यांदा. नऊ आठ.

सरोज वहीत डोकावली. "अगं, आठ अठ्ठ्याण्णव लिही ना. दहा सेंटिमीटरनं काय फरक पडतो? कौन देखने आ रहा है नळीत?"

कांचननं पेन उचललं आणि समोर पाहिलं. इथून विहिरीपलीकडची झाडं दिसत होती. तिच्या झाडाला, म्हणजे डावीकडून पाचव्याला, कालपरवाच नवी पालवी फुटली होती.

"आजोबा नळीत नाही बघायचे," ती म्हणाली. "पण ते मला विचारतील ना."

आणि तिनं लिहिलं: नऊ मीटर आठ.

दुपारी मनोरमाबाई वही बघायला आल्या. त्या समितीच्या सचिव. शाळेत गणित शिकवायच्या आणि बागेत फुलं तोडणाऱ्यांसाठी गळ्यात शिट्टी बाळगायच्या. त्यांनी आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"तीनदा मोजलंस?"

"हो, बाई."

"मग इलाज नाही. उद्या संध्याकाळी पाचला पंपाच्या खोलीला कुलूप लावते." जाता जाता त्या वळल्या. "झाडांचं मला कळतं गं. पण नळ गेला तर लोक काय पेरू पितील?"

कांचन रडली नाही. तडक आजोबांच्या ओसरीवर गेली. आजोबा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. शेजारी तिवईवर गार पाण्याचा माठ होता. त्याच्या खाली पत्र्याच्या डब्यात पुदिना लावलेला होता. त्याला कुणी कधी पाणी घालत नसे. माठ पाझरत राहायचा आणि पुदिना भर उन्हाळ्यात हिरवागार. कांचननं वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

आजोबांनी तिन्ही आकडे ओळीनं पाहिले. "एक सहा उतरली, एक सात, आणि ही छत्तीस. असं का?"

"ती पंपाच्या जवळ आहे म्हणून. मनोरमाबाई तसंच म्हणाल्या."

"असेल. पण गेल्या आठवड्यातही ती पंपाच्या जवळच होती. त्याच्या आधीच्याही. तेव्हा सहाच उतरली. पंप काही जास्त चालला का?"

"नाही. रोज सकाळी एकच तास."

"मग या सहा दिवसांत बदललं काय?"

"मला काय माहीत, आजोबा. जमिनीखालचं कसं दिसणार?"

"जमिनीखाली शोधण्याआधी जमिनीवर शोधावं," आजोबा म्हणाले. "तिथे निदान उजेड असतो. मी इथे खुंटाला बांधलेला. तुझे डोळे मोकळे आहेत. आकडे राहू देत, तू काय काय पाहिलंस ते आठव."

कांचननं आठवून पाहिलं. नवी माती आठवली, ती तिनं सांगितली. आजोबांनी "हं" केलं, पण किती माती, ते तिला सांगता आलं नाही. माती ती माती. रात्री ती झोपली तेव्हा डोक्यात छत्तीस हाच आकडा फिरत होता.

सोमवारी सकाळी आईनं, म्हणजे प्रतिभाताईंनी, कपडे धुवायला काढले आणि तिला हाक मारली.

"कांचन, इकडे ये. हे कशाचं?"

आईच्या हातात रविवारचा फ्रॉक होता. गुडघ्यापाशी तांबूस डाग.

"गंज आहे, आई. नळीचा. दर रविवारी लागतो."

"दर रविवारी लागतो आणि दर सोमवारी मी तो काढते. लिंबू आणि मीठ लावून. आज अर्ध्या तासापासून घासतेय, एक लिंबू संपलं, ढिम्म हलत नाही." आईनं डाग नाकाशी नेला. मग चिंधीवर रॉकेल घेऊन त्यावर फिरवलं. तांबूस रंग चिंधीवर उतरला. "बघ. हा गंज नव्हे, बाई. हा रंग आहे. तुझे बाबा खिडकीच्या गजांना मारतात ना, तो तांबडा रंग. कुठे टेकून आलीस?"

कांचन चिंधीकडे बघत राहिली. "कुठेच नाही. नळीलाच."

"मग नळीला रंग मारला असेल कुणीतरी."

"नळीला कोण कशाला रंग मारेल?"

"ते मला विचारू नकोस. या वसाहतीत उभी राहिलेली म्हैससुद्धा रंगवतील," आई म्हणाली. पण हे ऐकायला कांचन थांबली नव्हती.

बागेत सरोज बाकावर बसून चिंच खात होती. खळगीच्या कडेला सिमेंटचा एक बाक होता, दोघींची नेहमीची जागा. कांचन धावत येऊन शेजारी बसली आणि डागाची हकीकत सांगू लागली. सांगता सांगता मधेच थांबली.

"सरोज, माझे पाय बघ."

"क्या हुआ?"

"जमिनीला टेकलेत."

दोघींनी खाली पाहिलं. चपला मातीवर सपाट टेकल्या होत्या. परीक्षेच्या आधी याच बाकावर बसून दोघी पाय हलवत पाढे म्हणायच्या.

"लंबी झालीस तू," सरोज म्हणाली.

"सहा दिवसांत? आणि तूही?"

सरोजनं स्वतःचे पाय पाहिले. तेही टेकले होते. तिनं चिंच तोंडातून काढली. "मग बाक खाली गेला?"

"बाक तिथेच आहे. जमीन वर आली." कांचन उभी राहिली. "सरोज, इथे कडेला चार बोटं वर आली. खळगी सगळ्यात खोल कुठे होती?"

"मधोमध. नळीपाशी."

"तिथे किती माती पडली असेल? आणि तरी नळी वीतभर वर कशी?"

आता तुमच्या ध्यानात आलं असेल. कांचनच्याही आलं. ती नळीपाशी बसली, झाकण काढलं आणि कडेवरून सावकाश बोट फिरवलं, एकदा नव्हे, दोनदा. गुळगुळीत. खाच भरलेली नव्हती. या कडेला ती कधी नव्हतीच. मग दोघींनी जवळच पडलेल्या एका लोखंडी पट्टीनं नळीभोवतीची माती उकरायला घेतली. चार बोटं खाली गेल्यावर पट्टी ठण्णकन वाजली. नळीभोवती लोखंडाची जाड बांगडी होती, जुन्या नळीला नवा तुकडा जोडणारी. त्याला म्हणतात सॉकेट. आणि इतकं नेटकं, सरळ, आटे न चुकवता सॉकेट बसवणारा माणूस वसाहतीत एकच होता.

सुधाकरकाका कारखान्यात फिटर. त्यांना मोडकी वस्तू बघवत नसे आणि धडकी वस्तू बघून हात शिवशिवत. शाळेची घंटा, देवळाची साखळी, मनोरमाबाईंच्या शिट्टीतला मणी, सगळं त्यांनी दुरुस्त केलं होतं, त्यातलं अर्धं कुणी न सांगता.

चारच्या भोंग्याला दोघी वळणावर उभ्या राहिल्या. सायकलींच्या लोंढ्यातून काकांची हिरवी सायकल आली.

"काका, बागेतली नळी तुम्ही वाढवली?"

काकांनी ब्रेक दाबला. चेहरा उजळला. "दिसली का बा कोणाला तरी. मी म्हटलं, एवढं काम केलं, कोणी बोलूनच नाही राहिलं."

"पण का वाढवली?"

"काहून म्हणजे? शुक्रवारी खळगीत मातीच्या ट्रॉल्या टाकल्या ना समितीनं. नळी पार गाडली जात होती. मग काय, मातीत दडपू देऊ? लागलीच तुकडा आणला, आटे पाडले, सॉकेट लावलं, जुनंच झाकण वर बसवलं. शनिवारी संध्याकाळी गंजासारखाच रंगही मारला. ओळखू येते का सांग."

"नाही ना येत," कांचन म्हणाली. "म्हणून तर पाचला पंपाला कुलूप लागतंय."

तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता काकांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे पाणी खाली नाही गेलं. मीच तुला वर नेलं म्हण ना."

"किती वर नेलं, काका?"

"तीस सेंटिमीटर. सॉकेट धरून. माझं माप चुकत नसते."

"बाईंना नुसतं सांगून पटायचं नाही. दाखवावं लागेल."

काकांनी घड्याळ पाहिलं. साडेचार. "तू बागेत जा. मी पाना घेऊन येतो. आणि आणखी एक सामान आणतो."

पाचला पाच मिनिटं कमी असताना मनोरमाबाई हातात कुलूप घेऊन बागेच्या फाटकातून आत आल्या आणि तिथेच थबकल्या. समोरून सुधाकरकाका सायकल हातानं ढकलत येत होते. कॅरिअरवर नीळकंठ आजोबा बसले होते, प्लास्टरचा पाय तोफेसारखा समोर रोखून, आणि तो पाय कशाला लागू नये म्हणून सरोज पुढे पुढे चालत "हटो, हटो" करत होती.

"नीळकंठराव, हे काय वय आहे का?" मनोरमाबाई म्हणाल्या.

"कॅरिअरवर बसायला वयाची अट नसते. कुलूप दोन मिनिटं थांबू द्या, बाई. पोरीला काही दाखवायचंय."

कांचननं बाईंना आधी बाकावर बसवलं आणि त्यांचे गुडघे कसे वर येतात ते दाखवलं. मग उकरलेली माती दाखवली. काकांनी पाना लावला, जोर दिला आणि सॉकेटसकट नवा तुकडा गरागरा फिरवून काढला. खाली जुन्या नळीचं तोंड उघडं पडलं. त्याच्या कडेवर, जिथे असायला हवी तिथेच, आजोबांनी कानशीनं घासलेली खाच होती. कांचननं तिच्यात नख घातलं. तिला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

मग तिनं टेपला खडू घासला. टेप आत गेली, दहाचा आकडा खाचेवर आला, टेप वर आली. कांचननं ती बाईंच्याच हातात दिली.

"एकशे बावीस," बाईंनी वाचलं आणि गणिताच्या बाई असूनही बोटांवर हिशेब केला. "आठ मीटर अठ्ठ्याहत्तर. म्हणजे गेल्या आठवड्याहून..."

"सहा सेंटिमीटर खाली," कांचन म्हणाली. "एक नंबरसारखीच."

बाईंनी टेपकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, मग सुधाकरकाकांकडे पाहिलं. काका पाना पाठीमागे लपवून उभे होते. "आता माझ्या शिट्टीला हात लावाल तर बघा," त्या म्हणाल्या, पण कुलूप पिशवीत टाकलं.

"हे कापून टाकू का, नीळकंठराव?" काकांनी नव्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "होतं तसं करून देतो."

"मुळीच नको. नाहीतर पहिल्या पावसात माती आत जाईल. काम झकास आहे, सुधाकर. एकच राहिलं, तू वहीला सांगितलं नाहीस. नवा तुकडा परत चढव आणि नव्या कडेला कांचनला हवी तिथे खाच पाड. आणि कांचन, तू वहीत लिही, आजच्या तारखेनं."

कांचननं लिहिलं. कालचा नऊ मीटर आठ हा आकडा तिनं खोडला नाही, कारण तो खोटा नव्हता, फक्त चुकीच्या जागेवरून मोजलेला होता. खाली तिनं लिहिलं: नळी तीस सेंटिमीटर वाढवली आहे. यापुढे मोजलेल्या आकड्यातून तीस वजा करावेत. खाली सही केली. मनोरमाबाईंनीही सही केली. सुधाकरकाकांनी कुणी न सांगताच सही केली.

सरोजनं झाडांकडे धाव घेतली. काका कानस चालवू लागले, बाई आणि आजोबा मोठमोठ्यानं हसत कसल्यातरी जुन्या गोष्टी काढू लागले. कांचन मात्र वही घेऊन नळीपाशीच बसली. ती पानाच्या कोपऱ्यात काहीतरी मांडत होती. आठ अठ्ठ्याहत्तर. अधिक सहा. अधिक सहा. अधिक सहा. आठ शहाण्णव. अधिक सहा.

चौथ्या रविवारी नऊ मीटर दोन. तेव्हा मे महिना लागलेला असणार आणि पाऊस चांगला सहा आठवडे लांब. त्या दिवशी खाच बरोबर जागेवर असेल आणि कुलूपही बरोबरच असेल.

आजोबांचं तिच्याकडे लक्ष होतं. त्यांनी हाक मारली नाही.

थोड्या वेळानं काका त्यांना पुन्हा कॅरिअरवर चढवू लागले, तेव्हा कांचन आपणहून जवळ आली.

"आजोबा, तुमच्या माठाखालचा पुदिना."

"त्याचं काय?"

"त्याला दिवसाला किती पाणी लागतं?"

"मोजलं नाही कधी. भांडंभर असेल. थेंब थेंब जातं ना, उन्हाला सापडतच नाही."

"आणि पेरूच्या मुळाशी माठ पुरला तर? गळ्यापर्यंत, वर झाकण ठेवून?"

आजोबांनी प्लास्टरचा पाय जरा सरळ केला. "तर पंप रोज तासभर कशाला चालवायचा, असं पेरू विचारतील."

"नव्या माठातून पाणी पाझरतं, जुन्यातून कमी. पण थोडं तरी पाझरतंच ना?"

"ते लावून बघितल्याशिवाय कसं कळणार?"

कांचननं मान हलवली. तुम्हाला ठाऊकच असेल, दर उन्हाळ्यात घराघरांत नवा माठ येतो आणि जुना, काठ उडालेला, परसात पालथा पडून राहतो. त्याला कुणी टाकत नाही आणि वापरतही नाही. कांचन घरी गेली. परसातला जुना माठ उचलला, आतला कोळी बाहेर काढून दिला, माठ नळाखाली विसळला आणि कमरेवर घेतला. लाल वही दुसऱ्या बगलेत होती. तिच्या शेवटच्या पानावर तिनं एक ते सतरा आकडे घातले, पहिल्या आकड्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं आणि दुसरा जुना माठ मागायला शेजारच्या क्वार्टरची कडी वाजवली.